सिस्टर प्रेमावर धरलेला डूख

माणसाने कुणावर डूख धरू नये, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं आणि सांगणाऱ्यांपैकी एकानेही ते स्वतः पाळल्याचं मी पाहिलं नाही. फलटणच्या माझ्या दोन मावश्या मानपानाच्या एका साडीवरून जन्मभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकीला ताप आला की दुसरी शेजारणीकरवी चौकशी करायची, आणि बरं वाटतंय असं कळलं की पुन्हा तोंड फिरवायची. तो वारसा माझ्यात पुरेपूर उतरला आहे. बाबा मात्र वेगळ्या मातीचे; कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर तेच ‘सॉरी’ म्हणायचे. मी पुढे नर्स झाले, बरीच वर्षं नर्सिंग शिकवलंही, आणि आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी केक कापून माझ्या सेवाभावाचं कौतुक केलं. मी केक खाल्ला. त्या सेवाभावाच्या मुळाशी काय होतं ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. मुळाशी एक बाई होती, तिचं नाव प्रेमा, आणि मला तिच्यावर सूड उगवायचा होता.

तेव्हा आम्ही सिंगापूरला बेडोकमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. बाबा एका बँकेच्या आयटी खात्यात एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्यावर, आले होते आणि मागोमाग त्यांनी आई, मी आणि धाकटा चिकू अशा तिघांना आणलं होतं. त्या घराची आठवण मला आवाजांनी येते. पहाटे कोकीळ असा काही गळा काढायची की भारतात तिचं एवढं कौतुक का करतात ते कळेनासं व्हायचं. मग पुलावरून एमआरटीची, तिथल्या मेट्रोची, पहिली गाडी जायची, आणि दुपारपर्यंत खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कोंबडी तोडणाऱ्या सुऱ्याची ठकठक सुरू व्हायची. संध्याकाळी आमच्याकडून त्यात भर पडे. आई लिटल इंडियातून ज्वारीचं पीठ आणायची आणि ओट्यावर भाकऱ्या थापायची. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजी एकदा वर येऊन विचारून गेल्या की तुम्ही रोज काय ठोकता. आईने त्यांच्या हातावर गरम भाकरी आणि लोण्याचा गोळा ठेवला. पुन्हा कधी त्या तक्रार घेऊन आल्या नाहीत, पण भाकरीच्या वेळी जिन्यात भेटू लागल्या.

चिकू चार वर्षांचा होता, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बालवाडीत जाऊन तो पक्का सिंगापुरी झाला होता, वाक्याच्या शेवटी तिथल्यासारखा ‘ला’ लावायचा. आई भात कालवून घास पुढे करायची आणि तो मान वळवून म्हणायचा, “डोन्ट वॉन्ट ला, आई.” त्याची छाती नाजूक होती. वारं बदललं की घशात बारीक शिट्टी वाजू लागे, आणि शिट्टी ऐकली की आई तव्यावर ओवा भाजायला घेई. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात ओव्याची पुरचुंडी बांधायची, तळहातावर टेकवून पाहायची, मग त्याच्या छातीवर आणि पाठीवर शेक द्यायचा. सहाणेवर वेखंड उगाळायचं. रात्रीच्या जेवणात हुलग्याचं माडगं, वर तूप. तो वास अजून कधीतरी माझ्या नाकात येतो आणि माझे खांदे सैल पडतात. नर्स म्हणून सांगायचं तर कोमट शेकाने कुणाचं वाईट होत नाही. पण आईला कोमट पुरत नसे. काळजी वाढली की पुरचुंडी जास्त तापायची आणि चिकूच्या गोऱ्या छातीवर लाल गोल उठायचे.

चिकूच्या कमरेला करदोडा होता. काळ्या दोऱ्याचा पीळ, तेलाने मऊ झालेला. बारशाच्या दिवशी बांधलेला, आणि तो वाढेल तसा आई बदलत आलेली. बदलायची रीत ठरलेली होती: आधी नवा बांधायचा, मग जुन्याची गाठ सोडायची. कंबर क्षणभरसुद्धा मोकळी ठेवायची नाही. आणि कात्री किंवा ब्लेड तर लावायचंच नाही. करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. माझ्या पाठचा एक भाऊ पुण्यात छाती भरून गेला होता, तान्हा असतानाच. तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणीतरी नातेवाइकाने ब्लेड मागितलं आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याच्या कमरेचा दोरा तोडला. मी आईच्या पदराशी उभी होते. आई तेव्हा रडली नाही, फक्त तो दोरा दे म्हणून हात पुढे करून बसली, आणि कुणी तो दिला नाही.

त्या वर्षी समुद्रापलीकडच्या जंगलांना लावलेल्या आगींचा धूर सिंगापूरवर आला. समोरच्या इमारती दिसेनात, लोक मास्क लावून बसला उभे राहू लागले, आणि बाबा दर तासाला रेडिओवर हवेतल्या धुराचा आकडा ऐकून आईला खिडक्या लावायला सांगू लागले. चिकूची शिट्टी थांबेना. एका सकाळी त्याचं पोट जोराने आतबाहेर होऊ लागलं तेव्हा बाबांनी त्याला उचललं आणि आम्ही सगळे हॉस्पिटलात गेलो. तिथे त्याला वाफेचा मास्क लावला, ऑक्सिजन दिला आणि मुलांच्या वॉर्डात दाखल केलं. बाबा पैसे आणि कागदपत्रं बघायला खाली गेले. पलंगाशी आई आणि मी राहिलो, आणि तेव्हा सिस्टर प्रेमा आली.

ती तिथलीच, सिंगापुरातच जन्मलेली तमिळ बाई. चाळिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, हात चपळ. कामात वाघीण होती हे मी आता कबूल करते. तेव्हा केलं नसतं. वॉर्डात भारतीय पेशंट आला की तिलाच पाठवत, म्हणजे कसं सगळं समजेल. ती आईशी तमिळमध्ये बोलली. आईने हिंदीत उत्तर दिलं. मग ती इंग्रजीत बोलली, आणि आई माझ्याकडे बघू लागली. प्रेमाने मान हलवली आणि शेजारच्या नर्सला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “इंडियन, बट तमिळ कॅनॉट, इंग्लिश ऑल्सो कॅनॉट.” तिने चिकूचा शर्ट वर केला. छातीवरचे लाल गोल पाहिले, ओव्याचा आणि तेलाचा वास घेतला, आणि मला विचारलं, “याला कोणी भाजलंय?” मी सांगू लागले, पण माझं सांगून व्हायच्या आत तिने दोन बोटांनी करदोडा उचलला, “सो डर्टी, धिस स्ट्रिंग,” असं म्हणाली, आणि चिकटपट्टी कापायच्या कात्रीने तो कचकन तोडून पलंगाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

 आई पलंगाची कड धरून हळूहळू खाली बसली, जमिनीवर, आणि तिने डब्यात हात घातला. हातमोजे, कापूस यांतून शोधून तिने दोरा काढला आणि मुठीत धरला. प्रेमा ओरडली की तो डबा संसर्गाचा आहे, हात घालू नका. मग हॉस्पिटलची समाजसेविका, एक तरुण मुलगी, येऊन अगदी गोड बोलून आईला आणि मला वेगवेगळं बसवून विचारून गेली, की घरी मुलाला कोण सांभाळतं, शिक्षा करता का, हे डाग कसले. तिचं ते कामच होतं. आईला त्यातून एवढंच कळलं की या लोकांनी तिचा मुलगा मेला असं धरून दोरा तोडला, आणि जगला तर तो काढून घेणार. चिकू जगला. दोनतीन दिवसांत खेळू लागला आणि इन्हेलर, प्लास्टिकची नळी, मास्क असं सामान घेऊन आम्ही घरी आलो. आईने आधी चिकूच्या कमरेला नवा करदोडा बांधला आणि ते सामान कपाटाच्या वर, बॅगांच्या मागे ढकलून दिलं.

बाबांनी तक्रार करावी म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. त्या वेळी त्यांचा पीआरचा अर्ज गेलेला होता, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळायची की नाही ते ठरत होतं. “आपण इथे पाहुणे आहोत, सोनू,” ते म्हणाले. “एका दोऱ्यावरून भांडायला जायचं का? त्यांनी पोराला वाचवलं.” मी म्हणाले की त्यांनी पोराला वाचवलं आणि आईला मारलं. बाबांनी लॅपटॉप उघडला. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, आणि तिने त्या दिवशी भाकऱ्या थापल्या नाहीत, पिठलं आणि नुसता भात केला. बाबांचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा नंतर कधी आला नाही. पण त्यांच्यावर राग धरून उपयोग नव्हता, ते सॉरी म्हणाले असते. म्हणून तो राग मी जसाच्या तसा प्रेमाच्या खात्यावर टाकला.

माझ्या वर्गात कविता नावाची तमिळ मुलगी होती. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्यात मुलांच्या कमरेला दोरा बांधतात का. बांधतात की, ती म्हणाली, माझ्या भावाला अजून आहे. आणि तोडतात कधी? कविताने माझ्याकडे चमकून पाहिलं. “हू टोल्ड यू? तो फक्त मेल्यावर तोडतात. असलं बोलू नको ला, सकाळी सकाळी.” म्हणजे तिला माहीत होतं. परक्या बाईने अडाणीपणाने तोडला असता तर मी कदाचित विसरले असते. पण हिच्या घरात तोच दोरा, तीच रीत, आणि तरी हिने कात्री चालवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून बसमध्ये, प्रार्थनेला, गणिताच्या तासाला मी तिला ऐकवायची वाक्यं जुळवू लागले. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग जास्त लागेल अशा इंग्रजीत. अभ्यासापेक्षा माझी ती तयारी चांगली झाली होती. वेळ कधी येईल एवढंच माहीत नव्हतं.

वेळ आली ती पुढच्या वर्षीच्या धुरात. बाबा कामासाठी हाँगकाँगला निघाले होते आणि विमानात असल्यामुळे त्यांचा फोन बंद होता. मी दुपारी शाळेतून आले तर दाराला आतून कडी. आईने बऱ्याच वेळाने उघडलं. आत ओव्याच्या धुरीने डोळे चुरचुरत होते. तिने सगळ्या खिडक्या लावून निखाऱ्यांऐवजी तव्यावरच धुरी केली होती आणि चिकूला मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर धूर, आत धूर. चिकूला पाणी हवं होतं, पण ‘वॉटर’ हा शब्दही त्याला एका श्वासात म्हणता येईना. गळ्याच्या खड्ड्यात कातडी आत ओढली जात होती. कपाटावरची नळी काढायला मी खुर्ची ओढली तर आई म्हणाली, “त्यांचं काय लावू नगंस त्याला.” घाबरली की तिची फलटणची बोली वर यायची.

मी खिडक्या उघडल्या, बंद केल्या, पुन्हा उघडल्या. अँब्युलन्स बोलावते म्हटलं तर तिने माझ्या हातातला फोन धरला. “तिथं न्हेलंस की परत तोडत्यात. एकदा तोडला तवा देवानं हात दिला, दुसऱ्यांदा न्हाई द्यायचा. आन् मग ती पोरगी येऊन त्याला घेऊन जाईल.” मी डॉक्टरांबद्दल सांगितलं, ऑक्सिजनबद्दल सांगितलं, ती लोकं चांगली असतात असंही सांगितलं. त्यातलं एकही वाक्य तिच्यापर्यंत पोचलं नाही, कारण मलाच ते पटत नव्हतं. चिकूच्या ओठांचा रंग बदलायला लागला होता. मग माझ्या तोंडून जे खरं होतं ते निघालं. मी म्हणाले, “आई, मी आहे ना. या वेळी मी तिथून हलणार नाही. कुणी कात्री काढली तर मी तिचा हात पिरगाळीन. त्या बाईला सोडायचीच नाहीये मला, वर्षभर वाट बघतेय मी तिची.”

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. “भांडशील?” 

“भांडेन.” 

“बापासारखी गप बसशील.” 

“नाही बसणार. देवाशप्पथ.” 

ती उठली. पदर खोचला, चिकूला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, “लाव फोन.” आजवर रुग्णांच्या नातेवाइकांचा विश्वास कसा मिळवावा यावर मी कितीतरी वर्ग घेतले आहेत. त्या दुपारी माझ्या आईचा विश्वास डॉक्टरांवर नव्हता, औषधावर नव्हता. तिचा भरवसा बसला तो माझ्या खुनशीपणावर. हे मला कुठल्याच वर्गात शिकवता आलं नाही.

अँब्युलन्सच्या माणसांनी चिकूला मास्क लावला आणि तो जरा सावरला. सगळा रस्ता आई त्याच्या शर्टाखाली हात घालून करदोडा मुठीत धरून बसली होती. वॉर्डात गेलो तर सगळे पलंग खोकणाऱ्या पोरांनी भरलेले. आणि औषधांची गाडी ढकलत तीच आली, तेच घट्ट बांधलेले केस. तिने आम्हाला ओळखलं नाही, याचाही मला राग आला. ती चिकूचा शर्ट वर करायला वाकली आणि मी तिच्या आणि पलंगाच्या मध्ये उभी राहिले.

“आधी तिला विचारा,” मी इंग्रजीत म्हणाले आणि आईकडे बोट दाखवलं.

“गर्ल, वॉर्ड भरलाय. मला वेळ नाही.”

“मग पटकन विचारा.”

तिने मला बाजूला सारायला हात पुढे केला. आणि मग मी वर्षभराची जुळवलेली वाक्यं बाहेर काढली. मी आवाज चढवला नाही. खालचा आवाज जास्त लांब जातो हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणाले, मागच्या वेळी तुम्ही याच्या कमरेचा दोरा कापला. तुमच्या घरात तो कधी कापतात? सांगा ना. माझ्या आईला सांगा, या सगळ्यांना सांगा. माझा भाऊ जिवंत होता, आणि तुम्ही त्याला मेलेल्यासारखं केलं, तेही माहीत असून. आजूबाजूच्या आया वळून बघू लागल्या. पलीकडची एक तमिळ आजी आपल्या नातवाच्या कमरेवर हात ठेवून प्रेमाकडे बघत राहिली. प्रेमाचा चेहरा उतरला. हे मी फार चवीने पाहिलं, आणि आजही आठवलं की ती चव येते.

“माझ्या भावाला आजीने बांधला होता,” ती म्हणाली. “शाळेत पोहायच्या तासाला सगळी मुलं हसायची. मला त्या दोऱ्याचीच चीड. तुम्ही लोक नवीन येता, हे सगळं घेऊन येता, आणि मग सगळे आमच्याकडे बघतात.” मला तिची कहाणी ऐकायची नव्हती. पण आई माझी बाही ओढून विचारत होती, काय म्हणते ती, सांग. मी थोडं तिखटमीठ लावून सांगितलं. आईने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग प्रेमाकडे, आणि शांतपणे म्हणाली, “तिला म्हणावं, दोरा आड येत होता तर मला सांगायचं. मीच गाठ सोडली असती. नवा मनगटाला बांधला असता. सोडणं येगळं, तोडणं येगळं. आन् जेवढं बोलले तेवढंच सांग, पदरचं घालू नगंस.”

मी तेवढंच सांगितलं. माझ्या सगळ्या वाक्यांनी जे झालं नव्हतं ते त्या साध्या बोलण्याने झालं. प्रेमाने मान खाली घातली. तेवढ्यात वॉर्डची प्रमुख आली, चष्मा कपाळावर चढवलेली एक वयस्क चिनी बाई. तिने दोन्हीकडचं ऐकून घेतलं, चिकूच्या छातीकडे पाहिलं आणि प्रेमाला म्हणाली, “जस्ट आस्क ला. विचारायला किती वेळ लागतो?”

त्या प्रमुखबाईंनी माझ्या हातात काय दिलं ते त्यांना कळलं नसावं. मी त्याचं पुरेपूर सोनं केलं. चिकू तिथे होता तोवर मी पलंगाशी ठाण मांडून बसले, आणि प्रेमा आली की दर वेळी तिला विचारायला लावलं. इंग्रजीत चालणार नाही म्हणाले, आईला कळत नाही. तिला मी मराठी वाक्य शिकवलं: “ताई, हात लावू का?” ताप बघायचा, विचार. मास्क लावायचा, विचार. चादर बदलायची, तरी विचार. तिच्या जिभेला ते वळण नव्हतं; चुकलं की मी पुन्हा म्हणायला लावायची, गाडी घेऊन ताटकळत उभी असली तरी. ती ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा म्हणायची. मला इतकं समाधान आयुष्यात क्वचितच मिळालं असेल. आता याला भारदस्त नाव आहे. रुग्णाच्या रीतीभातींचा मान राखणारी, त्याला सुरक्षित वाटेल अशी शुश्रूषा, असं पाहुणे वक्ते पडद्यावर चित्रं दाखवत सांगतात, पहिली पायरी म्हणजे विचारणं. मी मागच्या रांगेत बसून ऐकायचे. त्या वक्त्यांना काय माहीत, मी ही पहिली पायरी शिक्षा म्हणून शोधून काढली होती.

शिक्षा हळूहळू नासली. कशी ते माझ्याही लक्षात उशिरा आलं. पहिल्या दिवशी आई प्रश्न ऐकून नुसती मान हलवायची. मग ती “हो” म्हणू लागली. मग प्रेमाने विचारलं की ती स्वतःच चिकूचा शर्ट वर करू लागली. प्रेमाला एकदा पोटावर काहीतरी चिकटवायचं होतं, तर आईने करदोडा आपणहून खाली सरकवला आणि म्हणाली, “आता लाव.” प्रेमाने तिला ओव्याबद्दल विचारलं, माझ्यामार्फत. आईने कृती सांगितली. प्रेमा म्हणाली, शेक द्या, पण तुमच्या गालाला सोसेल एवढाच. धुरी मात्र नको, धूर याचा वैरी आहे, बाहेरचा असो की तव्यावरचा. मागच्या वेळीही डॉक्टर बहुधा हेच सांगून गेले होते, पण तेव्हा आईचे कान बंद होते. मग प्रेमाने नळी आणि मास्क आईच्या हातात दिला, तिच्या हातावर आपला हात ठेवायच्या आधी थांबली, विचारलं, आणि औषध कसं द्यायचं ते दाखवलं. चिकू म्हणाला, “डोन्ट वॉन्ट ला,” आणि दोघी एकदम हसल्या. मी हसले नाही.

त्याहून वाईट म्हणजे प्रेमाचं नाव झालं. पलीकडची तमिळ आजी, एक पंजाबी बाई, एक मलय आई, ज्याला त्याला तीच हवी. ती त्यांच्याही पोरांना हात लावायच्या आधी विचारू लागली होती, ज्याच्या त्याच्या भाषेत, माझा धाक नसतानाही. वॉर्डच्या प्रमुखबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की प्रेमाकडून बघा, शिका. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती गोष्ट माझी होती, मी तिला छळायला काढलेली, आणि कौतुक तिचं. घरी जाताना आईने तिचे दोन्ही हात धरले. मी लिफ्टचं बटण दाबत उभी राहिले.

बाबा परत आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, “म्हणजे मिटलं म्हणायचं.” मी म्हणाले, माझ्यापुरतं मिटलेलं नाही. आणि ते खरं होतं. माझ्या मनात अजून वाक्यं शिल्लक होती. पुढच्या वेळी काय बोलायचं, कुणासमोर बोलायचं, हे मी पुन्हा जुळवायला घेतलं.

पुढची वेळ धुराची नव्हती. साधी सर्दी होती आणि मी शाळेत होते. बाईंनी वर्गाबाहेर बोलावून सांगितलं की तुझ्या आईचा निरोप आहे, भावाला हॉस्पिटलात नेलंय. मला आधी खरंच वाटलं नाही. कोण घेऊन गेलं? बाबा तर ऑफिसात होते. आईला टॅक्सीवाल्याशी धड बोलता येत नव्हतं. आणि माझ्याशिवाय ती तिथे पाऊल टाकणं शक्यच नव्हतं. मी नसताना कात्री निघाली तर कोण अडवणार? मी बस सोडून टॅक्सी केली आणि सगळ्या रस्त्यात इंग्रजी वाक्यं घोकत गेले.  या वेळी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, आईने बाही ओढली तरी थांबायचं नाही, असं ठरवून मी वॉर्डात शिरले.

चिकूच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. खाली आईच्या चपला दिसत होत्या, शेजारी प्रेमाचे पांढरे बूट. मी पडद्याला हात घातला, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. उच्चार अजून वाकडाच होता. “ताई, हात लावू का?”

“लाव की गं,” माझी आई म्हणाली. “त्यात काय विचारायचं.”

त्या बाईला. त्यात काय विचारायचं, असं आई त्या बाईला म्हणाली. चिकूचा श्वास पडद्याबाहेर ऐकू येत होता, शिट्टी होती पण अडखळत नव्हता. मी पडदा सोडला, भिंतीला टेकून उभी राहिले आणि रागाने रडले.